नॅचेझ : मिसिसिपीच्या कड्यावर, एका ग्रेडरबरोबर

गुरुवार

लुइझियानातलं अलेक्झांड्रिया मागे पडलं की पुढचा रस्ता मिसिसिपी नदीच्या पूरमैदानातून जातो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली शेतं, मध्येच पेकनची झाडं, मध्येच फेरिडेसारखं पेंगुळलेलं गाव. चढ नाही, उतार नाही. विदालिया संपता संपता पूल लागतो आणि नदीपलीकडे एकदम दोनशे फुटांचा उभा कडा दिसतो. अलीकडे खाली लुइझियाना, पलीकडे वर मिसिसिपी राज्य. त्या कड्याच्या अगदी काठावर नॅचेझ वसलंय. लोकवस्ती साडेचौदा हजारांच्या आसपास.

ह्यूस्टनहून सहा तास गाडी हाकून इथे यायचं कारण म्हणजे आमचे बाबा. खामगावहून सहा महिन्यांसाठी आले होते. उभी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून, म्हणजे कापसाची प्रत ठरवण्यात, झालेली. स्पेस सेंटर बघून झालं, गॅल्व्हेस्टनचा समुद्र झाला, आणि तिसऱ्या मॉलमध्ये बाकावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काऊन वं, या लोकायचा कापूस कुठं पिकते?" आता कापूस टेक्सासमध्येच सगळ्यात जास्त पिकतो, पण त्यासाठी पार लबककडे जावं लागतं आणि तिथे बघायला फक्त शेतं. कापसाने माणसांचं काय केलं ते बघायचं तर नॅचेझ. नवऱ्याने रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो.

मोटेलचे मालक नवसारीकडचे निघाले. दक्षिणेत कुठल्याही आडगावी उतरा, काउंटरमागे गुजराती माणूस भेटतोच. बाबांना खोलीत सामान ठेवायच्या आधी चहा मिळाला.

संध्याकाळी कड्यावरच्या बागेत गेलो. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे स्पॅनिशांचं राज्य होतं. त्यांनी चौकटीचे रस्ते आखून गाव मांडलं आणि नदीकाठची ही पट्टी सगळ्यांसाठी मोकळी सोडली. ती अजून मोकळी आहे. इथून सूर्य लुइझियानात मावळतो. खाली नदी तपकिरी, रुंद आणि बघता बघता फसवणारी : वरून संथ वाटते, पण मधोमध वाहत जाणारा ओंडका पाहिला की पाण्याला किती ओढ आहे ते कळतं.

बाबा नदीकडे बघत नव्हते. ते गाठी कुठून उतरवत ते शोधत होते. कड्याच्या पोटातून खाली जाणारी सिल्व्हर स्ट्रीट त्यांना लगेच सापडली. याच उतारावरून रुईच्या गाठी खाली धक्क्यावर जायच्या, तिथून वाफेच्या बोटीने न्यू ऑर्लिन्स, तिथून जहाजाने लिव्हरपूल. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. पुढची गोष्ट बाबांनीच सांगितली, रेलिंगला टेकून. मुंबईत कापसाचे भाव कसे भडकले, वऱ्हाड-खानदेशात चांदी कशी आली, बॅक बे भराव घालायच्या कंपन्यांचे शेअर कसे आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदांसकट सगळे कसे आपटले. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. "म्हणजे इथलं दुकान बंद झालं म्हणून आपलं चाललं," बाबा म्हणाले. आमच्या गावाचं नशीब ज्या दुकानाच्या बंद होण्याने उघडलं, त्या दुकानाच्या पायरीवर आम्ही उभे होतो.

सिल्व्हर स्ट्रीटने खाली उतरलं की 'अंडर-द-हिल'. वरचं नॅचेझ सभ्य लोकांचं आणि खालचं दारू, जुगार, मारामाऱ्यांचं, अशी त्याची जुनी ख्याती. ओहायो-केंटकीकडचे लोक लाकडी तराफ्यांसारख्या सपाट होड्यांत माल भरून प्रवाहाबरोबर इथवर यायचे, माल विकायचे आणि होडी मोडून तिचं लाकूडही विकायचे. प्रवाहाविरुद्ध परत नेणार कशी? मग कमाई खिशात घालून पायी घरी. त्यातली बरीचशी अंडर-द-हिलमध्येच संपायची.

७ मे १८४० रोजी दुपारी नदीच्या पात्रातून वर चढत एक टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, या धक्क्यावर आला. नोंदलेले मृत्यू ३१७, बहुतेक सगळे होड्यांवरचे. अमेरिकेच्या इतिहासातला हा दुसऱ्या क्रमांकाचा प्राणघातक टॉर्नेडो. आज तिथे इमारतींची एकच ओळ उरली आहे. बाकीची जमीन नदीने खाल्ली. रात्री एका खानावळीत बाबांना मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी मिळाली आणि शाकाहाराचा प्रश्न प्रवासभरासाठी सुटला. पालेभाजी मात्र मागवू नये. हिरवी दिसते, पण ती डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली असते.

शुक्रवार

सकाळी ग्रँड व्हिलेज. गावाच्या दक्षिणेला, सेंट कॅथरीन ओढ्याच्या काठी, तीन मातीच्या टेकड्या आणि भोवती गवताचं मैदान. नॅचेझ हे ज्या लोकांचं नाव, त्यांची ही राजधानी. त्यांच्या प्रमुखाला 'महासूर्य' म्हणत. एका टेकडीवर त्याचं घर, समोरच्या टेकडीवर मंदिर. गादी मुलाकडे जात नसे, बहिणीच्या मुलाकडे जाई. १७२५ मध्ये महासूर्याचा भाऊ वारला. फ्रेंच त्याला 'गोंदवलेला सर्प' म्हणत. त्याच्याबरोबर त्याच्या बायका आणि सेवक यांनाही गळा आवळून पाठवण्यात आलं. हे एका फ्रेंच रहिवाशाने स्वतः पाहून लिहून ठेवलंय, म्हणून कळतं.

फ्रेंचांनी इथे १७१६ मध्ये फोर्ट रोझाली हा किल्ला बांधला, म्हणजे नॅचेझ न्यू ऑर्लिन्सपेक्षा दोन वर्षांनी मोठं. सुरुवातीला देवाणघेवाण बरी चालली. मग तंबाखूच्या मळ्यांसाठी जमिनीची भूक वाढली. शेपार नावाच्या किल्लेदाराने एक अख्खं गाव खाली करून मागितलं. नोव्हेंबर १७२९ मध्ये नॅचेझ लोक शिकारीसाठी बंदुका उसन्या मागायच्या निमित्ताने किल्ल्यात शिरले आणि एका सकाळीत दोनशेच्या वर फ्रेंच मारले गेले. त्याच वर्षी आपल्याकडे थोरले बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेले होते. फ्रेंचांनी चॉक्टॉ लोकांना हाताशी धरून सूड घेतला तो असा, की दोन वर्षांत नॅचेझ हे राष्ट्र म्हणून उरलं नाही. शेकडो जणांना, महासूर्यासकट, पकडून आजच्या हैतीत गुलाम म्हणून विकलं. उरलेले चिकसॉ, क्रीक, चेरोकी यांच्यात जाऊन मिसळले.

फोर्ट रोझालीच्या जागी आता फक्त गवत आहे आणि एक पाटी. पाच मिनिटांत बघून होतं. फ्रेंचांनंतर १७६३ मध्ये इंग्रज, १७७९ मध्ये स्पॅनिश, १७९८ मध्ये अमेरिकन.

दुपारी मेलरोझ. नॅचेझची प्रसिद्धी या वाड्यांवर आहे. वसंतात इथे 'पिल्ग्रिमेज' भरतं. १९३२ पासून गावातल्या बायकांच्या गार्डन क्लबने आपली घरं तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. कापूस बोंडकिड्याने खाल्ला होता, वाफेच्या बोटी गेल्या होत्या, वर महामंदी. विकायला उरलं होतं ते फक्त जुनं वैभव, आणि बायकांनी ते चांगलं विकलं. घेरदार झगे घालून त्या दारात उभ्या राहायच्या आणि आजोबांच्या चांदीच्या भांड्यांची माहिती सांगायच्या. भांडी घासणाऱ्यांविषयी कुणी फार बोलत नसे. कितीतरी वर्षं नॅचेझचा इतिहास म्हणजे ही दिवाणखान्यातली गोष्ट होती.

मेलरोझ आता राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे, त्यामुळे तिथला गाइड स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो. पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या मॅकमरन नावाच्या वकिलाने १८४० च्या दशकात हा वाडा बांधला. जेवणघरात टेबलावर छताला टांगलेली मोठी लाकडी फळी आहे, नक्षीदार, पाळण्याच्या बाजूइतकी रुंद, तिला दोरी बांधलेली. गाइड म्हणाला, "पंखा." बाबा चमकले. मामलेदार कचेरीत साहेबाच्या डोक्यावर असायचा तो झुलता पंखा, त्याच नावाने, मिसिसिपीत! दोरी ओढायला एक गुलाम पोर उभं असे. जेवण चालू असेपर्यंत ओढत राहायचं : माशा बसू नयेत इतक्या वेगाने, पण मेणबत्त्या विझू नयेत इतक्या हळू. बाबांनी हवेत हात हलवून तो वेग जमतो का बघितलं. मागच्या ओसरीत घंटांची ओळ आहे. प्रत्येक खोलीची घंटा वेगळ्या स्वराची, म्हणजे कुणाला कुठे बोलावलंय ते आवाजावरून कळावं. घंटा ऐकणाऱ्यांच्या खोल्या अंगणापलीकडे अजून उभ्या आहेत.

तिथून लाँगवुड. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला. झाडीतून वळण घेतलं की अष्टकोनी, सहा मजली, वर कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं एक अचाट घर समोर येतं. हॅलर नट या मळेवाल्याने फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोन या वास्तुरचनाकाराकडून आराखडा करून घेतला आणि १८६० मध्ये काम सुरू केलं. बत्तीस खोल्या ठरल्या होत्या. बाहेरचं कवच उभं राहिलं आणि युद्ध सुरू झालं. उत्तरेतून आणलेले सुतार-गवंडी हत्यारं टाकून घरी गेले. नटने गुलामांकडून तळमजला पुरा करून घेतला, नऊ खोल्या, आणि तिथे संसार हलवला. १८६४ मध्ये तो न्यूमोनियाने गेला. बायको ज्युलिया पुढे १८९७ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षं, त्या तळमजल्यातच राहिली. वरचं घर कधीच झालं नाही.

तळमजल्यात पडदे, पाळणे, तसबिरी. मग जिना चढून वर जा : नुसत्या विटा. उघड्या तुळया, गिलावा नसलेल्या भिंती, रंगाचे जुने डबे, कारागिरांच्या पेट्या, लाकडाची भुकटी. मधोमध उभं राहून मान वर केली की एकावर एक अष्टकोन थेट घुमटापर्यंत दिसत जातात आणि उंच खिडक्यांतून उजेड तिरका खाली येतो. काम थांबलं त्या दुपारी कसं असेल, तसंच आहे. "काऊन बाप्पा, एवढा वाडा अन् राह्यले तळघरात," बाबा पुटपुटले.

पण त्यांना खरा रस हॅलरच्या वडिलांत निघाला. डॉ. रश नट हे इथून उत्तरेला रॉडनी या बंदराजवळ राहायचे. मेक्सिकन वाणावर काम करून त्यांनी 'पेटिट गल्फ' नावाचं कापसाचं बियाणं तयार केलं. मेक्सिकन सरकी मुळात नॅचेझला कशी आली याची दंतकथा मजेशीर आहे : वॉल्टर बर्लिंग नावाच्या माणसाला मेक्सिकोत बियाणं न्यायची परवानगी नव्हती, बाहुल्या न्यायची होती, म्हणून त्याने सरकी भरलेल्या बाहुल्या आणल्या. गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पेटिट गल्फचं बोंड मात्र चांगलं उकलायचं, त्यामुळे वेचायला सोपं. बाबा गाइडला विचारायला सांगत होते, "धागा किती लांब? एका माणसाची दिवसाची वेचणी किती?" वेचणी सोपी झाली की मजुराचं काम हलकं होतं, असा त्यांचा अनुभव. इथे उलट झालं. वेचणी सोपी झाली म्हणून रोजचा ठरवून दिलेला आकडा वाढला, आणि आकडा भरला नाही तर चाबूक. संध्याकाळी प्रत्येकाची थैली वजन करून वहीत नोंद व्हायची. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकवत नव्हतं. तो परतीच्या रस्त्यावर गप्प होता.

शनिवार

गावापासून पूर्वेला मैलभर, सेंट कॅथरीन स्ट्रीट आणि लिबर्टी रोड जिथे मिळतात तिथे एक गवताचा तुकडा आहे. शेजारी रहदारी, समोर साधी दुकानं. हे 'फोर्क्स ऑफ द रोड'. न्यू ऑर्लिन्स सोडलं तर अगदी दक्षिणेकडच्या राज्यांतला सगळ्यात मोठा गुलामबाजार.

१८०८ मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणायला कायद्याने बंदी झाली. इकडे कापसाला हात हवेत, तिकडे व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये तंबाखूची जमीन दमलेली आणि माणसं जास्त. आयझॅक फ्रँकलिन आणि जॉन आर्मफील्ड या भागीदारांनी या दोन टोकांमध्ये व्यापार उभा केला. आर्मफील्ड व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात खरेदी करी, फ्रँकलिन इथे विकी. काहींना जहाजाने आणत, काहींना साखळीने दोन-दोन बांधून पायी, सुमारे हजार मैल. १८३३ मध्ये फ्रँकलिनच्या गुलामांत पटकी पसरली. मेलेल्यांना त्याने गुपचूप घळीत टाकून दिलं. ते उघडकीला आल्यावर गावकरी चिडले आणि व्यापाऱ्यांना गावाच्या हद्दीबाहेर हाकललं. बाजार बंद झाला नाही, फक्त हद्दीपलीकडे या तिठ्यावर सरकला.

इथे लिलाव क्वचितच व्हायचा. माणसं रांगेत उभी केलेली असत : पुरुष चांगल्या कोटात, बायका छिटाच्या झग्यात. गिऱ्हाईक यायचं, एकेकाला निरखायचं, चालवून बघायचं, भाव करायचं. कोऱ्या कपड्यांखाली पाठीवर वळ आहेत का हेही बघितलं जाई, कारण वळ म्हणजे माणूस 'ऐकणारा' नाही.

आज जमिनीत काँक्रीटची एक गोल चकती आहे आणि तिच्यात खऱ्या बेड्या अर्ध्या रुतवल्या आहेत. साखळीच्या काही कड्या वर, काही आत. गंज चढलेला, त्यात सकाळच्या दवाचं पाणी. आपल्या मनगटापेक्षा किती लहान माप आहे ते बघितल्यावर मी उठून पाट्यांकडे गेले. पाट्या चांगल्या आहेत. जाहिराती, दर, माणसांची नावं. गावातल्या काळ्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा ही जागा जपली गेली. २०२१ मध्ये ती राष्ट्रीय उद्यानाचा भाग झाली. वाड्यांना तिकीट लागल्याला तोवर जवळपास नव्वद वर्षं झाली होती.

१८६० च्या जनगणनेत या अ‍ॅडम्स काउंटीत १४ हजारांहून जास्त गुलाम होते आणि गोरे साडेपाच हजारांच्या आसपास. प्रत्येक वाड्यात 'इथे देशातले सगळ्यात जास्त लक्षाधीश राहायचे' असं ऐकवतात. त्याचा पुरावा मला कुणी दाखवला नाही, पण गुलामांचा आकडा जनगणनेत छापलेला आहे.

बाजाराचा शेवट समाधानकारक आहे. नदीवरचं व्हिक्सबर्ग हे दक्षिणेचं ठाणं पडल्यावर जुलै १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य नॅचेझमध्ये आलं. लढाई झालीच नाही, म्हणून तर वाडे वाचले. आजूबाजूच्या मळ्यांतून हजारो माणसं गावात धावली. त्यातले कित्येक छावणीत रोगराईने मेले आणि कित्येक सैन्यात भरती झाले. याच काळ्या सैनिकांनी फोर्क्स ऑफ द रोडचे कोंडवाडे मोडले आणि त्या लाकडाच्या बराकी बांधल्या. काही जण ज्या खोलीत विकले गेले होते तीच खोली त्यांनी पाडली असणार.

बाजाराआधीच्या काळातला एक माणूस इथे सांगायलाच हवा. अब्दुलरहमान इब्राहिम, आजच्या गिनीतल्या फुटा जालोनच्या राज्यकर्त्याचा मुलगा. लढाईत पकडला गेला आणि १७८८ मध्ये नॅचेझला थॉमस फॉस्टर या शेतकऱ्याला विकला गेला. १८०७ मध्ये जवळच्या वॉशिंग्टन गावच्या बाजारात भाजी विकत असताना समोरून एक आयरिश डॉक्टर आला, जॉन कॉक्स. हा डॉक्टर तरुणपणी आफ्रिकेत आजारी पडून हरवला होता आणि इब्राहिमच्या वडिलांनीच त्याला घरी ठेवून बरा केला होता! कॉक्सने त्याला सोडवायला पैसे देऊ केले. फॉस्टरने नाही म्हटलं. अखेर अरबीत लिहिलेल्या एका पत्रामुळे वरपर्यंत चक्रं हलली आणि १८२८ मध्ये, चाळीस वर्षांनी, तो सुटला. मुलांना सोडवायला पैसे गोळा करत उत्तरेत हिंडला, मग लायबेरियाला पोहोचला आणि १८२९ मध्ये तिथेच वारला, आपल्या मुलखापासून थोड्याच अंतरावर. हे कथानक कुणी लिहून आणलं असतं तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून परत केलं असतं.

गावात परत येऊन स्टेट स्ट्रीटवरचं विल्यम जॉन्सनचं घर पाहिलं. १८४० च्या वादळात पडलेल्या इमारतींच्या विटांतून बांधलेलं, साधं, तीन मजली. जॉन्सन गुलाम म्हणून जन्मला, अकराव्या वर्षी स्वतंत्र झाला, न्हावी झाला आणि गावात त्याची केशकर्तनालयं झाली. गोरे गिऱ्हाईक, उधारीचा धंदा, घोड्यांच्या शर्यतीचा नाद. १८३५ पासून १८५१ पर्यंत त्याने रोजनिशी लिहिली : पाऊस, जमाखर्च, कुणी कुणाला काठीने मारलं, कोण दारू पिऊन कुठे पडलं. खुर्चीत बसून लोक जे बोलतात ते सगळं. ती रोजनिशी १९५१ मध्ये छापली गेली. त्याच्याकडे स्वतःचे गुलामही होते, आणि त्यांना फटके मारल्याच्या नोंदीही त्याच वहीत त्याच अक्षरात आहेत. मला हा माणूस पटकन आवडला आणि मग आवडेनासा झाला. बाबांना तो शेवटपर्यंत आवडला. वही चोख ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना माया आहे.

१८५१ मध्ये बांधाच्या भांडणात बेलर विन नावाच्या शेजाऱ्याने त्याला गोळी घातली. साक्षीदार होते, पण ते काळे. गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नसे. विनने कोर्टात आपण गोरे आहोत असा दावा केला आणि शेवटी सुटला.

दुपारनंतर सेंट कॅथरीन स्ट्रीटवर पुन्हा, रिदम क्लबच्या जागेवर. २३ एप्रिल १९४० च्या रात्री इथे शिकागोच्या वॉल्टर बार्न्सचा बँड वाजत होता. छताला सजावटीसाठी वाळलेलं स्पॅनिश मॉस (झाडांवरून जटांसारखी लोंबणारी वनस्पती) लटकवलं होतं, त्यावर कीटकनाशक फवारलेलं. फुकट कुणी ऐकू नये म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद. बाहेर जायला पुढचं एकच दार. आग लागली आणि २०९ जण गेले. सगळे काळे, बरेचसे तरुण. सांगतात की लोक शांत राहावेत म्हणून बार्न्स वाजवत राहिला. तोही गेला.

पुढचं वेगाने सांगते, कारण आम्हीही पायी पायी वेगाने पाहिलं. २७ ऑगस्ट १९६५ ला टायर कारखान्यात काम करणारे, नागरी हक्क संघटनेचे स्थानिक अध्यक्ष जॉर्ज मेटकाफ यांच्या गाडीत बॉम्ब फुटला. ते वाचले. लोक रस्त्यावर उतरले, दुकानांवर बहिष्कार घातला. ऑक्टोबरमध्ये मोर्चेकऱ्यांना शेकड्यांनी पकडलं आणि दीडशेच्या आसपास लोकांना पार्चमनच्या तुरुंगात नेऊन उघडं ठेवलं, जुलाब दिले. गावाने डिसेंबरमध्ये मागण्या मान्य केल्या. फेब्रुवारी १९६७ मध्ये त्याच कारखान्यातले व्हार्लेस्ट जॅक्सन, तोवर गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर बढती मिळाल्यावर, ट्रकमधल्या बॉम्बने मारले गेले. पगारवाढ ताशी १७ सेंट होती. कुणालाही शिक्षा झाली नाही. सभागृहाजवळ पार्चमनला नेलेल्यांच्या नावांचं स्मारक २०१९ मध्ये उभं राहिलं. बाबांनी सगळी नावं वाचली, ओठ हलवत.

रविवार

नॅचेझ ट्रेसने उत्तरेला. होड्या विकून पायी घरी जाणाऱ्यांची ती वाट आता नॅशव्हिलपर्यंत ४४४ मैलांचा देखणा रस्ता झाली आहे. ट्रकला बंदी, जाहिरातफलक नाहीत. आधी एमराल्ड माउंड, आठ एकरांवर पसरलेली मातीची टेकडी, नॅचेझ लोकांच्या पूर्वजांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेली. मग 'सनकन ट्रेस'. ही माती वाऱ्याने आणून टाकलेली भुसभुशीत आहे, पण उभी कापली तर भिंतीसारखी टिकते. पायांनी, खुरांनी, चाकांनी झिजत झिजत मूळ वाट इतकी खोल गेली आहे की आत उतरलं की दोन्हीकडची झाडांची मुळं डोक्यावर येतात.

बाबांच्या हट्टाने मग रॉडनी. वाटेत विंडसरचे अवशेष : १८९० मध्ये जळालेल्या वाड्याचे २३ खांब झाडीत उभे. शेवटचे काही मैल रस्ता खराब आहे आणि पाऊस झाला असेल तर जाऊ नये. डॉ. नटच्या वेळी रॉडनी हे गजबजलेलं बंदर होतं. युद्ध झालं, आग लागली, नदीने पात्र बदललं आणि दोनेक मैल पश्चिमेला निघून गेली. रेल्वे दुसरीकडून गेली. १९३० मध्ये गव्हर्नरने कागदावरूनही गाव काढून टाकलं. लाल विटांच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या दर्शनी भिंतीत तोफगोळा रुतलेला दिसतो. सप्टेंबर १८६३ मध्ये 'रॅटलर' या उत्तरेच्या गनबोटीवरचे खलाशी रविवारच्या प्रार्थनेला इथे आले आणि दक्षिणेच्या घोडेस्वारांनी त्यांना बाकावरून पकडलं. बोटीने मग गावावर गोळे टाकले. नवरा खांबांचे फोटो काढण्यात, मी डासांशी लढण्यात, बाबा नदी कुठे गेली ते विचारण्यात.

परतताना बाबांनी एक जुना दुवा जोडून दाखवला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूसवाले बोलावून हिंदुस्थानात आणले होते, बियाणं आणि सरकी काढायच्या जिन यंत्रांसकट. बहुतेक ठिकाणी प्रयोग फसला, धारवाडकडे मात्र अमेरिकन वाण रुजला. "म्हणजे यायचं बी आपल्याकडं आलतं, यायची रीत नाही आली, हे बरं झालं," बाबा म्हणाले. आपल्याकडच्या सावकारीबद्दल मी काही बोलणार होते, पण ते त्यांनाही माहीत आहे.

सोमवार

पूल ओलांडून परत विदालिया, परत सपाट शेतं. एका पेट्रोलपंपावर ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला आलेला शेतकरी भेटला. बाबांनी माझ्यामार्फत विचारलं, यंदा काय पेरणार. तो म्हणाला, जास्त सोयाबीन, थोडा मका. कापूस? मशिन महाग, फवारणी महाग, भावाचा भरवसा नाही. बाबा मान डोलावत राहिले, त्यांना भाषांतराची गरज पडली नाही. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी खामगावला काकांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. "अरे, पाह्यलं सगळं. मोठमोठे वाडे हायेत. कापूस? कापूस कुठचा आता, इथंबी सोयाबीनच हाये!"